टाकीखाली बसलेला महापौर

तमाम सोलापूरकर बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने आणि संपूर्ण जबाबदारीनिशी कळवण्यात येते, की आपल्या शहराचे माजी महापौर मल्लिनाथ हे एक नंबरचे भित्रे गृहस्थ होते. सदर बाब शोकसभेतील भाषणांत आणि चौकाचौकांत लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर 'धडाडीचे', 'झुंजार', 'निर्भीड' असे शब्द वापरून दडपण्यात आली असून ती उघडकीस आणणे हे प्रस्तुत लेखकाचे कर्तव्य आहे. कुणाची हरकत असल्यास ती लेखी स्वरूपात कळवावी.

हे जाहीर करायचा मला अधिकार आहे. मी एका हायस्कुलात मराठी शिकवतो, पण त्या कारणानं मला सोलापुरात कुणी ओळखत नाही. मी माईकवाला सर. सत्कार, उद्घाटनं, वधू-वर मेळावे, कुस्त्यांची मैदानं, निरोप समारंभ, गेली पंचवीस वर्षं या शहरातल्या कार्यक्रमांचा माईक माझ्या हातात आहे आणि तो सोडायची माझी अजिबात इच्छा नाही. मल्लिनाथ गेल्याची बातमीसुद्धा मला माईकवरच कळली. कळली म्हणजे काय, मीच ती दिली. निवृत्त शिक्षकांचा एक सत्कार सोहळा चालला होता. निवेदकाच्या हातात चिठ्ठ्या येतच असतात. गेटसमोरची पांढरी गाडी हलवावी, अमुक यांनी स्टेजमागे भेटावं, वगैरे. माझी सवय अशी की चिठ्ठी आधी मनात वाचायची नाही, डोळे पुढं आणि तोंड मागोमाग. त्या दिवशी तशीच एक घडी घातलेली चिठ्ठी आली आणि मी माझ्या खास आवाजात सुरुवात केली, "एक महत्त्वाची सूचना आहे, कृपया शांतता राखावी. मल्लिनाथ दुकानात कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत…" पुढचे दोन शब्द मी वाचले नाहीत. वाचायची गरज उरली नव्हती, समोरची माणसं एकेक करत उभी राहिली होती. चौतीस वर्षांचा होता तो. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी माईक टेबलावर ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला स्टेजवरून खाली उतरायची पायरी सापडेना.

तो आठवीत माझ्या वर्गात होता. बाकावर भिंतीकडेला बसायचा, कारण बाहेरच्या कडेला बसलं की पडायला होतं असं त्याचं म्हणणं. त्या वर्षी मला उत्साह आला आणि मी त्याचं नाव वक्तृत्व स्पर्धेत घातलं. पोरगं स्टेजवर गेलं, हात जोडले, "अध्यक्ष महोदय" एवढं स्वच्छ म्हणालं आणि अध्यक्ष महोदयांच्याच अंगावर बेशुद्ध होऊन पडलं. पाणी मारून जागं केल्यावर त्यानं मला विचारलं, "सर, किती मिनिटं झाली?" तो कुत्र्याला भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भ्यायचा, लग्नात उडवतात त्या फटाक्यांना भ्यायचा. भिण्यात त्याचा हात धरणारा सबंध शहरात कुणी नव्हता. मी त्याची भरपूर टिंगल केली आहे. वर्गात केली, पुढं तो मोठा झाल्यावरही केली. आज हे लिहिताना तेही सांगून टाकतो, कारण नाहीतर या लेखात माझा फारच चांगला माणूस होईल.

शाळा संपल्यावर त्यानं मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि आलं की घराघरात मोटारी सुरू होतात, कारण शेजाऱ्यानं ओढून घ्यायच्या आत आपण ओढायचं असतं. त्या धावपळीत कुणाची ना कुणाची मोटार जळते. मग मल्लिनाथ. पेठेतलं एकही घर नसेल जिथं तो हौदाशेजारी पालथा पडून मोटार काढत बसला नसेल. त्याची तपासायची पद्धत होती. चालू मोटारीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग चाललंय, काकू. अजून आठ दिवस काढंल," असं तो सांगायचा, आणि आठव्या नाहीतर नवव्या दिवशी ती मोटार खरोखर बंद पडायची. मी त्याला विचारलं होतं, तुला कळतं कसं? तर म्हणाला, "सर, मला सगळ्याचीच भीती वाटते. त्यामुळं मी नीट ऐकतो."

त्या ओळखीवर तो नगरसेवक झाला. महापौर झाला तो मात्र निव्वळ अपघातानं. आरक्षणाच्या सोडतीत पद अशा ठिकाणी आलं की पक्षातले दोन्ही गट अडले. याचा माणूस त्याला चालेना, त्याचा याला. शेवटी ज्याची कुणालाच भीती वाटत नाही असा एकच नगरसेवक शिल्लक राहिला. तिशीही गाठली नव्हती त्यानं. संध्याकाळी तो माझ्या घरी आला, चप्पल दारात काढून उभाच राहिला आणि डॉक्टरकडं रिपोर्ट दाखवायला आलेला माणूस बोलतो तसा बोलला, "सर, मला महापौर केलंय… आता काय करायचं?"

मी काय करणार, मी खूश झालो. मला एक नट मिळाला होता. रोज सकाळी सात ते आठ त्याचं भाषण घ्यायचो. मी त्याला युक्ती सांगितली, समोरच्या माणसांकडं बघायचंच नाही, शेवटच्या रांगेच्या वरच्या भिंतीकडं बघायचं. त्यानं ती इतकी इमानानं पाळली की त्याची सभा चालू असताना निम्मे सदस्य मागं वळून भिंतीवर पाल आहे का बघायचे. त्याची बायको सुनंदा अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी. तो सभेला निघाला की ती दारातून म्हणायची, "अंजब्याड." म्हणजे घाबरू नको. तो म्हणायचा, "तू रोज म्हणतीस, म्हणून मला रोज आठवतं की घाबरायचंय."

लोकांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा मालक. तसं काही नसतं. हार महापौराला, सही अधिकाऱ्याची. मल्लिनाथला हे पहिल्या आठवड्यातच कळलं आणि त्याला फार बरं वाटलं. आपल्या हातात काही नाही म्हणजे आपल्या हातून काही बिघडणारही नाही, असा त्याचा हिशेब. तो हिशेब चुकला तो पाण्याच्या टाकीपाशी.

आमच्या पेठेच्या मधोमध एक उंच टाकी आहे. खांबांवर उभी, जुनी, आमच्या लहानपणापासूनची. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको की सावलीची किंमत काय असते. पेठेत झाड नाही. सावली आहे ती त्या टाकीची. सकाळी ती पश्चिमेला पडते, दुपारी खांबांच्या मध्ये गोळा होते, संध्याकाळी पूर्वेला सरकते. विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन त्या सावलीत बसतात आणि सावली सरकली की सुपासकट सरकतात. त्यांच्यातली म्होरकी राजमणीअक्का. विणकर घरातली, तोंडानं तिखट, बोटं इतकी चपळ की बोलताना विडी कधी वळून झाली ते दिसत नाही. तिथंच भाजीवाल्या बसतात, तिथंच पोरं स्टंप मांडतात.

एके दिवशी दुपारी मल्लिनाथ मला शाळेतून ओढून टाकीखाली घेऊन गेला. महापौरांची गाडी लांब उभी केली होती. टाकी नुकतीच भरली होती. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक खांबाला टेकवलं, स्वतः ऐकलं, आणि मूठ माझ्या कानाला लावली. आधी काहीच नाही. मग लांबून, खोलवरून, कुणीतरी दात खावेत तसा आवाज… थांबला… पुन्हा आला. मी हसून म्हणालो, "अरे, रस्त्यावरच्या ट्रकचा असेल." तो म्हणाला, "टाकी रिकामी असली की नसतो, सर. मी पंधरा दिवस ऐकतोय. भरली की सुरू होतो." मग त्यानं वर बोट केलं. टाकीच्या बुडाला काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते, गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या कडेनं पाण्याचा पांढरा ओघळ उतरला होता. आणि त्याच्या बरोबर खाली राजमणीअक्का विड्यांचं बंडल बांधत बसली होती.  मल्लिनाथचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सर," तो म्हणाला, "ह्या बायकांना सांगू कसं?"

सांगून पाहिलं. राजमणीअक्का म्हणाली, "कवा पडनार हाय ते नक्की सांग की रे. मला भात टाकून यायचंय." सगळ्याजणी हसल्या. मल्लिनाथ अधिकाऱ्यांकडं गेला, तर त्यांनी कागद समोर ठेवला. बाहेरगावच्या एका खासगी तपासणी कंपनीच्या साहेबांचा दाखला. टाकीची आतून-बाहेरून, तळापासून घुमटापर्यंत समक्ष पाहणी केली असून ती सुस्थितीत आहे, खाली सही-शिक्का. अधिकारी चांगले होते. ते म्हणाले, "महापौरसाहेब, तुम्ही आवाज ऐकला म्हणता. माझ्याकडं कागद आहे. टाकी बंद केली तर अर्ध्या पेठेचं पाणी तुटेल. कुठल्या आधारावर करू?" मल्लिनाथकडं आधार एकच होता. त्याला भीती वाटत होती. ती फाईलला कशी जोडणार?

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं येऊन म्हणाला, "सर, एक पत्र लिहून द्या. यापुढं महापौरांचं कामकाज टाकीखाली चालेल." मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्यानं विचार केला होता. विड्या वळणाऱ्या बाईसाठी दाखला खोटा ठरवायला कुणी धजणार नाही. पण खुर्चीवरचा महापौर टाकीखाली बसलाय म्हटल्यावर पाणी सोडणाऱ्या प्रत्येकाला वर एकदा तरी बघावं लागेल. "माझा जीव गेला तर पेपरात येतं," तो म्हणाला, "त्यांचा गेला तर आतल्या पानावर येतं. मग मीच बसतो." मी पत्र लिहिलं. मोठ्या थाटात लिहिलं. 'नागरिकांनी आपली गाऱ्हाणी टाकीच्या नैर्ऋत्येच्या खांबापाशी सादर करावीत' असंही एक वाक्य घातलं. एवढा मजेचा मजकूर मी आयुष्यात लिहिला नव्हता.

टेबल आलं, खुर्ची आली, शहराचा महापौर विड्यांच्या सुपांशेजारी फायली वाचू लागला. पहिल्या दिवशी गर्दी झाली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी गर्दी गेली आणि तो उरला. बायकांना तर करमणूकच. "महापौर, पाय का हालतोय वो तुमचा?" राजमणीअक्का विचारायची. खरोखर हलत असायचा. टेबलाखाली त्याचा उजवा गुडघा एकसारखा थरथरत असायचा आणि वरचे पेन घरंगळायचे. तिसरा दिवस टाकी पूर्ण भरायचा होता. टाकीत पाणी सोडायची चावी फिरवणारे इस्माईलचाचा दुपारी आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. चाचा आयुष्यभर त्याच चावीवर होते.

"साब, आज पूरी भरनी है. जरा उठते क्या?"

"नको, चाचा."

"मेरे हात से कुछ हुआ तो?"

"त्यासाठीच बसलोय की, चाचा. तुम्ही तुमचं काम करा."

चाचांनी चावी फिरवली. मी त्या दिवशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. माझ्या मनात होतं की हा प्रसंग पुढं रंगवून सांगता येईल. वर पाणी पडायला लागलं. आधी रिकाम्या टाकीत पडतं तेव्हा ढोल वाजवल्यासारखा आवाज येतो. मग पाण्यावर पाणी पडतं, आवाज बुजत जातो, जड होत जातो. तो बुजायला लागला तसं माझ्या डोक्यावर काहीतरी उतरत चाललंय असं मला वाटायला लागलं. बायकांची बडबड आपोआप थांबली. मल्लिनाथनं माझं मनगट धरलं होतं. इतक्यात वरून नखाएवढा एक पापुद्रा सुटला आणि टप्पदिशी त्याच्या चहाच्या कपात पडला. त्यानं कपाकडं बघितलं. मी वर बघितलं. ओघळ आता चकाकत होता. मी उठलो आणि म्हणालो, "मल्लू, मला निघायला हवं, माझा दहावीचा तास आहे."

तो फार हळू आवाजात म्हणाला, "सर, आज रविवार आहे."

मी गेलो. रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो आणि तिथून त्याला बघत राहिलो. ज्याला मी आयुष्यभर भित्रा म्हणून हसलो तो तिथं बसला होता, गुडघा हलत होता, ओठ हलत होते, पण खुर्ची हलत नव्हती. त्या पायरीवर मी किती वेळ उभा होतो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की सूप उचलून पहिल्यांदा राजमणीअक्का उठली आणि तिच्या मागोमाग एकेक बाई सावली सोडून उन्हात आली. तिनं त्याला शिवी दिली असावी, पण उठली. संध्याकाळी अधिकारी स्वतः आले, चहाचा तो कप पाहिला, वर पाहिलं, आणि टाकी रिकामी करायचा हुकूम तिथंच त्याच्या टेबलावर लिहिला.

इथं गोष्ट संपली असती तर त्याचा पुतळा झाला असता. पण पुढं उन्हाळा होता. टाकी बंद, म्हणून पेठेच्या नळांचा जोर गेला, टँकर आले, भांडणं आली. ज्या बायकांना त्यानं वाचवलं त्याच मोकळ्या घागरी घेऊन त्याच्या दारात बसल्या. टाकी काही पडली नाही. महिना गेला, वर्ष गेलं, ती जशीच्या तशी उभी. पोरं त्याच्या गाडीमागं "पडली, पडली" ओरडत पळायची. पक्षानं पुन्हा तिकीट दिलं नाही. कायमची पाडायची म्हणून त्यानं अर्जांवर अर्ज केले, ते कुठं गेले कुणास ठाऊक. तो परत दुकानात मोटारी उघडून बसला. मी एकदा चिडून म्हणालो, "एकदाची पडली असती तरी बरं झालं असतं, तुझं तोंड तरी वर झालं असतं." त्यानं हातातली तार खाली ठेवली. "पडली नाही म्हणून हसतात, सर. पडली असती तर हसायला कोण राहिलं असतं?" मग तार पुन्हा उचलून म्हणाला, "ती रिकामी आहे तोवर माझं बरं चाललंय. पण मी नसलो की भरतील."

तो गेला, आणि त्याच्या दहाव्याच्या सुमारासच ठरलं. पेठेतल्या मान्यवरांनी बैठक घेतली. मल्लिनाथनं पाण्यासाठी आयुष्य वेचलं, म्हणून टाकीला रंग द्यायचा, त्याचं नाव द्यायचं आणि त्याच्या स्मृतीप्रीत्यर्थ ती पुन्हा भरायची. सगळ्यांचे डोळे पाणावले म्हणे. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, याचीच मला भीती वाटते. लोकांना पाणी हवं होतं आणि त्याच्यासाठी काहीतरी करायचंही होतं. दाखला तर होताच फाईलला. ज्यांनी तो दिला ते साहेबही सत्काराला येणार होते. निवेदक अर्थातच मी.

सुनंदा माझ्याकडं आली. पांढरी पडली होती. पाणी दिलं तर तसंच हातात धरून बसली. "सर, माईकवर तुमीच हायसा म्हनं."

"हो."

"नाव घालून भरनार हायत."

"हो, सुनंदा…"

"त्यांचं नाव घालून भरली आन बायकांवर पडली, तर लोक कुनाचं नाव घेतील, सर?"

 मी मान्यवरांना भेटलो, पुन्हा तपासा म्हणालो. ते म्हणाले, सर, तुम्ही भावनेच्या भरात आहात. त्या आठवड्यात मला वर्गात फळ्यावर लिहिताना डोक्यावरचा पंखासुद्धा सहन होत नव्हता. माझ्याकडं अधिकार नाही, शिक्का नाही. आहे तो एक माईक, आणि कार्यक्रम कसा चालवायचा याची पंचवीस वर्षांची हातोटी. मल्लूनं जे केलं तेच करायचं ठरवलं, फक्त माझ्या पद्धतीनं. इस्माईलचाचांना जाऊन भेटलो. म्हणालो, चाचा, पाणी सोडा पण थोडंच, मी रुमाल झटकला की बंद. चाचा म्हणाले, "थोडे में भी आवाज तो आताच है, सर." मी म्हणालो, तेवढाच हवाय.

गेल्या आठवड्यात तो समारंभ झाला. मंडप टाकीखालीच, सावली तिथंच ना. पहिली गोष्ट मी ही केली की महिलांची बैठक रस्त्यापलीकडं कापड ताणून लावली. राजमणीअक्का माझ्यावर धावून आली. "आमची सावली, आन आमालाच उनात बसवता व्हय?" मी हळूच म्हणालो, "अक्का, आजच्या दिवस ऐका." तिनं माझ्याकडं बघितलं, वर नव्या रंगातल्या अक्षरांकडं बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून पलीकडं गेली. टाकीखाली उरले फक्त व्यासपीठावरचे मान्यवर, दाखलेवाले साहेब आणि मी. या खेपेला पळायचं नाही असं मी सकाळपासून स्वतःला बजावत होतो. गुडघा मात्र माझाही हलत होता.

हार झाले, दीप झाला. साहेबांना शाल घातली, नारळ दिला. मग मी माईक हातात घेतला. "मान्यवरहो, मल्लिनाथला दोन मिनिटांची स्तब्धता पुरणार नाही. तो ज्या जागी बसला होता त्याच जागी, टाकी काठोकाठ भरेपर्यंत, आपण सर्वांनी बसून राहायचं आहे. हीच त्याला श्रद्धांजली. चाचा, चावी फिरवा." टाळ्या पडल्या. चाचांनी चावी फिरवली. वर ढोल वाजायला लागला… आणि रिकाम्या टाकीतला तो आवाज नेमका त्या रविवारसारखाच होता. अर्ध्या मिनिटात एका मान्यवरांना फोन आला. दुसऱ्यांना दुसरा कार्यक्रम आठवला. तिसरे प्रसाधनगृहाची चौकशी करत उतरले ते परत आले नाहीत. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. खुर्च्या रिकाम्या होत गेल्या तसं रस्त्यापलीकडं बायका उभ्या राहून बघायला लागल्या. शेवटी आम्ही दोघंच उरलो. साहेब उठायला लागले तेव्हा मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "साहेब, तुम्ही तर बसायलाच हवं. सबंध पेठ तुमच्या शब्दावर आहे. दोन शब्द बोला." आणि माईक त्यांच्या हातात दिला.

त्यांनी माईक धरला. शालीखाली त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. वरचा आवाज आता बुजायला लागला होता. चाचांचा हात चावीवर, डोळे माझ्या रुमालावर. साहेबांनी वर बघितलं. रंगाचा एक पापुद्रा सुटून गिरक्या घेत खाली आला आणि त्यांच्या बुटाजवळ पडला. रंगच होता तो, काँक्रीट नव्हे, पण ते मला दिसलं, त्यांना नाही. ते नारळासकट ताडकन उठले, आणि माईक तोंडापाशी आहे हे विसरून, सबंध पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, बंद करा ते पाणी. मी वर चढलोच नव्हतो, खाली चहा पिऊन सही केली."